दत्तकाचा कागद कोणासाठी?

आजचा भाग काशीहून.

इथल्या भदैनीत मोरोपंत तांब्यांची मनू जन्मली, तीच पुढे झाशीची राणी. २० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधररावांनी इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष दत्तक घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. विधी झाला होता, पत्रही दिले होते. तरी डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. तो कागद राज्याच्या वारसासाठी होता. आजचा कागद मुलासाठी आहे.

अनाथ किंवा सोडून दिलेले मूल दत्तक घ्यायचे, तर ‘कारा’ या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी करा. वाराणसी असो वा सांगली, नियम एकच. पॅन कार्ड, जन्मतारखेचा व पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा आणि लग्नाचा दाखला, डॉक्टरांचे प्रमाणपत्र ३० दिवसांत अपलोड करायचे.

मग समाजसेवक घरी येतात. मिळकत, आजारपण, नवराबायकोचे संबंध, घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत, सगळे विचारतात. राग मानू नका. आपण त्यांना ओळखतो, पण ते मूल आपल्याला ओळखत नाही; त्याच्या वतीने कोणीतरी चौकशी करायलाच हवी. म्हणून काही लपवू नका. हा अहवाल ३ वर्षे चालतो.

सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. पुढे २ वर्षे, दर ६ महिन्यांनी, मुलाची खबरबात घेतली जाते.

‘ओळखीने बाळ मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नियम डावलून असे मूल देणाऱ्या-घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि लळा लागलेले मूल हातचे जाते, ती शिक्षा वेगळीच.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.