फिनिक्सचं ओझं

पराभवातून सावरलेल्या माणसाला, संघाला किंवा गावाला आपण चटकन फिनिक्सची उपमा देतो. जळून राख व्हायचं आणि त्याच राखेतून एकट्यानं झेप घ्यायची! या पक्ष्याची सर्वांत जुनी सविस्तर कथा मात्र वेगळी आहे. ती इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसनं इजिप्तच्या लोकांकडून ऐकून लिहिली. तिच्यात आग नाही, राखही नाही. बाप मेला की मुलगा बोळाचा (सुगंधी डिंकाचा) अंड्यासारखा गोळा वळतो, तो घेऊन उडता येतं का हे आधी पाहतो, मग तो पोखरून आत बापाचा देह ठेवतो आणि अरबस्तानातून थेट हेलिओपोलिसच्या सूर्यमंदिरात पोचवतो. चिता आणि राख कथेत पुढे आली, रोमन काळात.

कल्पनारम्य कादंबरीकारांनी आग उचलली, पण वाहून नेणंही सोडलं नाही. ई. नेस्बिटच्या 1904 च्या कादंबरीत फिनिक्स जळून गेल्यावर त्याचं अंडं दूर पोचवण्याचं काम जादूचा गालिचा करतो. रोलिंगच्या हॅरी पॉटरमधला फॉक्स जळून पुन्हा पिल्लू होतो, हे सगळ्यांना आठवतं. तोच फॉक्स हॅरीला आणि त्याच्या सोबत्यांना तळघरातून उचलून बाहेर काढतो, हे तितकंच महत्त्वाचं.

डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचा सप्तकोटेश्वर मला म्हणूनच फिनिक्सच्या मूळ कथेचा सख्खा भाऊ वाटतो. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत. मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होतं. चौदाव्या शतकात बहमनी स्वारीत ते पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं ते पुन्हा उभं केलं, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यात पोर्तुगीजांनी ते पाडलं. लिंग विहिरीच्या रहाटाला वापरलं जात होतं, असं सांगतात. भाविकांनी ते तिथून सोडवलं आणि मांडवी ओलांडून नार्व्याला आणलं.

नदी ओलांडण्याला अर्थ होता. दिवाडीसह तिसवाडी, बारदेश आणि साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. डिचोली, पेडणे, अंत्रुज हे महाल बाहेर होते. म्हणून या जुन्या काबिजादीतली, म्हणजे आधी जिंकलेल्या तीन भागांतली, कितीतरी दैवतं अशीच नदीपार गेली. पेडणे 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे आलं, तोवर देवळं पाडण्याचं धोरण मागे पडलं होतं.

नोव्हेंबर 1668 मध्ये, शके 1590 च्या कार्तिकात, शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं नार्व्याच्या देवळाचं बांधकाम सुरू झालं. तिथल्या शिलालेखात तशी नोंद आहे. गोवा सरकारनं जीर्णोद्धार केल्यावर 11 फेब्रुवारी 2023 रोजी देऊळ पुन्हा खुलं झालं. आज समोर उभी दीपमाळ, वर घुमट आणि गाभाऱ्यात तेच धारालिंग दिसतं. लिंग आणल्यापासून 1668 पर्यंत गावानं पूजा चालू ठेवली नसती, तर महाराजांना जीर्णोद्धार करायला उरलं काय असतं?

पुनर्जन्म आपोआप होत नाही. शिलालेखात राजाचं नाव आहे, ते असायलाच हवं. पण लिंग नदीपार नेणाऱ्यांची नावं त्यात नाहीत, आणि पुनर्जन्म खरा त्यांच्या खांद्यावर झाला. मुलांच्या हाती फिनिक्सची गोष्ट देताना राखेबरोबर हे ओझंही सांगायला हवं. नाहीतर ती आगीनंतर हात बांधून चमत्काराची वाट पाहायला शिकतील.