आकडा आधी, आभार नंतर

साडेसहाला पहिला फोन येतो आणि तो बहुतेक वेळा बसचा असतो. क्लिंटन अ‍ॅव्हेन्यूवरची बस चुकली, मूल सांभाळणारी शेजारीण तापानं पडली, नाहीतर दोन्ही. बाई कॉफी ओतता ओतता कुणाची गाडी मोकळी आहे ते शोधतात.

न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरात, एका चर्चच्या तळघरात त्यांची छोटी संस्था आहे. काळ्या, लॅटिना, हैतीहून आलेल्या बायकांना बढती किंवा बरी नोकरी मिळवून द्यायची, हे काम. सरकारी कचेरीतून त्या निवृत्त झाल्या. सगळ्याजणी त्यांच्या नावाआधी ‘मिस’ लावतात. मला मात्र बाईच म्हणावंसं वाटतं. मी एडिसनहून ट्रेननं येऊन हिशेब बघते.

नऊ वाजता मुलाखतीची तालीम. आज घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी एक मुलगी आली आहे. तिला हॉस्पिटलात अपॉइंटमेंटच्या टेबलावर जागा हवी आहे. बाई साहेब होतात.

“सध्या किती मिळतात?”

“तासाला सतरा डॉलर.”

“गेली नोकरी! म्हणजे नोकरी मिळेल, पैसे गेले.”

1 जानेवारी 2020 पासून न्यू जर्सीत मालकाला उमेदवाराचा जुना पगार विचारता येत नाही. आधीचा कमी पगार पुढच्या नोकरीत मागे मागे येतो म्हणून हा कायदा. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या काळ्या बाईला या देशात गोऱ्या पुरुषाच्या साधारण दोन तृतीयांशच पगार पडतो. पण कायदा विचारणाऱ्याला अडवतो, आपणहून सांगणारीला नाही. म्हणून बाई तिच्याकडून घोकून घेतात : “या कामासाठी माझी अपेक्षा चोवीस डॉलरची आहे.”

“चोवीस... जमलं तर.”

“शेपूट तोड.”

पुन्हा. या खेपेला शेपूट गेलं, पण मान खाली. पुन्हा. शेवटी ती चोवीस म्हणते आणि गप्प बसते. ते गप्प बसणंच अवघड, बाई म्हणतात. आकडा टाकला की समोरच्याला बोलू द्यायचं.

जाता जाता तिची शंका : वेण्या सोडून केस सरळ करून घेऊ का? काही गरज नाही. डिसेंबर 2018 मध्ये न्यू जर्सीतल्याच एका शाळकरी कुस्तीगिराचे केस पंचानं सामन्याआधी कापायला लावले होते. बरोबर वर्षानं, 19 डिसेंबर 2019 ला, केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर राज्यपालांची सही झाली. बाईंनी त्याची प्रत भिंतीवर चिकटवली आहे, आरशाशेजारी.

दुपारी कॅरिबियन बायकांची ‘सूसू’, म्हणजे आपली भिशीच. वर्षानुवर्षं हप्ता न चुकवलेली बाई बँकेत गेली की तिच्या नावावर पत नाही, कारण भिशीची नोंद तिथं कुठंच नसते. एकीला जेवणाच्या डब्यांचा धंदा वाढवायचाय; तिच्या वहीवरून मी जमाखर्च मांडून देते.

तीन ते पाच शिफारसपत्रं. ‘कष्टाळू’ हा शब्द बाई लिहू देत नाहीत. कष्टाळू म्हटलं की बढती मिळत नाही, काम वाढतं. त्याऐवजी : बारा जणींच्या पाळ्या लावल्या, रजेच्या तक्रारी मिटवल्या.

सहा वाजता सगळ्या जमतात, कडेवर पोरं घेऊन. कागदावर या सगळ्यांबरोबर ‘वर्णीय’, म्हणजे गोऱ्या नसलेल्या, स्त्रियांच्या एकाच रकान्यात मीही बसते. भारतीय वंशाच्या बायकांची सरासरी कमाई इथं बरीच वर आहे, त्यामुळे आमची भर पडली की रकाना उगीच बरा दिसतो. मी हे बोलून दाखवलं तेव्हा बाई म्हणाल्या, “मग हिशेब वेगवेगळे मांड, तेच तर तुझं काम.” तेव्हापासून अहवालात रकाने वेगळे.

साडेआठला आमचं नेहमीचं भांडण. देणगी मिळते ती ‘कार्यशाळे’ला, पोरं सांभाळणारीच्या पैशांना अर्जात रकानाच नाही. ती नसेल तर कार्यशाळेला येणार कोण? मी म्हणते, आपसात वर्गणी काढू. बाईंना ते मान्य नाही. दर वेळी आपणच खिशात हात घातला, तर देणाऱ्याला कळणार कसं की हा खर्च आहे?

“पत्र लिही,” त्या म्हणतात. “आकडा पहिल्या ओळीत. आभार शेवटी.”