नागफणीच्या पायथ्याचा धंदा

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोली सोडली, की घाटमाथ्यावर नागाने फणा काढावा तसा एक कडा दिसतो. तीच नागफणी. इंग्रजांना त्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे बाकदार नाक दिसले, म्हणून ते तिला 'ड्यूक्स नोज' म्हणू लागले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा काळा पत्थर. अल्लाहची ही कुदरत आपल्यापैकी पुष्कळांनी ईदनंतरच्या सहलीत पाहिली असेल. पण या पानावरचा प्रश्न वेगळा आहे: या कड्यावर पोट कोणाचे भरते?

कड्यावर जाण्याची नेहमीची वाट लोणावळ्याकडून, कुरवंडे गावातून. म्हणून चहा, जेवण, मुक्काम आणि परतताना चिक्की, सगळा पैसा वरच राहतो. खोपोलीकर रोज नागफणी बघतो, गिऱ्हाईक मात्र त्याच्या दारावरून पुढे जाते.

नेहमीच असे नव्हते. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये वर खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली. मधल्या घाटात रूळच नव्हते! माणसे पालखीत किंवा तट्टावर बसून चढायची, मालही खाली उतरवून घाटाने वर न्यावा लागे. घाटाच्या पायथ्याच्या बाजाराला याहून चांगले दिवस कोणते? १८६३ मध्ये घाटातून रूळ गेले आणि खोपोली शाखेचे शेवटचे स्टेशन होऊन बसली. पुढे १९१५ मध्ये टाटांचे वीजघर आले, कारखाने आले, जुन्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली. टायरवाले, गॅरेजवाले, ढाबेवाले त्यावर जगले. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि ती रांग पातळ झाली. त्यानंतर घाटाचे वळण टाळणारा खोपोली-कुसगाव 'मिसिंग लिंक'ही आखला गेला. रस्ता सुधारला की पायथ्याचा दुकानदार मागे पडतो, हे इथे दोनदा घडून गेले आहे.

तेव्हा घाईत जाणाऱ्या गाडीची वाट पाहण्यात अर्थ नाही. जो मुद्दाम डोंगर बघायला येतो, तो थांबतो. मुंबईहून लोकल थेट खोपोलीला येते. पण पावसाळी धबधब्यांवर भरवसा ठेवून भांडवल घालू नये. अपघात झाले की मनाई हुकूम निघतो आणि आणलेला माल पडून राहतो. त्यापेक्षा ऑक्टोबर ते फेब्रुवारीचा कोरडा हंगाम बरा. तेव्हा कडा स्वच्छ दिसतो आणि गिर्यारोहकही येतात. चामड्याचे काम जाणणाऱ्याने बुटांचे तळ बसवावेत, शिलाईवाल्याने पाठपिशव्या दुरुस्त कराव्यात, बेकरीवाल्याने टिकणारी नानखटाई बांधून द्यावी.

आणि आपल्या कुटुंबांसाठी? खात्रीचे हलाल जेवण, वजूला पाणी, बायकांसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह. गेल्या खेपेस या तिन्ही गोष्टी एका छताखाली शोधता शोधता आमची जोहर घाटातच झाली.