नवऱ्याची पेन्शन आणि आपला वाटा

पंचवीस-तीस वर्षे तो नोकरी करतो, ती घर सांभाळते. त्याचा डबा, मुलांची दुखणी, सासूबाईंचे पथ्य, पाहुणेरावळे, सारे तिच्याच जिवावर. मग निवृत्तीनंतरची पेन्शन एकट्या त्याचीच कशी? संसार सुरळीत असला की हा प्रश्न कुणाला पडत नाही. पन्नाशीत घटस्फोटाचे कागद पुढे आले, की मात्र पायाखालची जमीन सरकते.

काही देशांत कायद्यानेच याचे उत्तर दिले आहे. लग्नाच्या काळात मिळवलेले पेन्शनचे हक्क जर्मनीत १९७७ पासून घटस्फोटाच्या वेळी दोघांत वाटले जातात. इंग्लंडमध्ये डिसेंबर २००० पासून न्यायालय पेन्शनचा हिस्सा दुसऱ्याच्या नावे करू शकते.

आपल्याकडे तशी वाटणी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात (बौद्ध, जैन, शीख यांनाही तोच लागू) कलम २५ खाली कायमची पोटगी मिळते. ती ठरवताना मिळकत बघतात, त्यात पेन्शनही आलीच. बायको मिळवती असेल तर नवराही मागू शकतो बरं का! थोडक्यात, पेन्शनमधला वाटा पोटगीच्या वाटेनेच यायचा. म्हणून मैत्रिणींनो, मागायचे ते समजून मागा.

पहिली गोष्ट फॅमिली पेन्शनची. सरकारी नोकराच्या मागे ती विधवेला मिळते, घटस्फोटितेला नाही. त्याने दुसरे लग्न केले तर दुसरीला मिळते. तेव्हा ‘त्याच्या माघारी आपल्याला पेन्शन आहेच’ या भरवशावर सही करू नका. हे नुकसान आजच हिशेबात धरा.

दुसरी गोष्ट, एकरकमी की दरमहा? कायद्यात दोन्ही चालते. नवरा पैसे टिकवणारा नसेल तर फंड-ग्रॅच्युइटी हाती येते तेव्हाच एकरकमी घेतलेली बरी. दरमहा घ्यायची तर न्यायालय त्याच्या घराजमिनीवर त्या रकमेचा बोजा ठेवू शकते, तो मागावा. आणि महागाईचे काय? २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दरमहा ५०,००० रुपये पोटगी देताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढही ठरवून दिली. आपल्या कागदातही वाढ लिहून घ्यावी.

तिसरी गोष्ट लपवालपवीची. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मिळकत, मालमत्ता आणि कर्जे शपथेवर सांगावी लागतात. त्यात एक मेख असते. केंद्र सरकारी नोकराला ४० टक्क्यांपर्यंत पेन्शन विकून रोख घेता येते. मग हाती पडणारी पेन्शन कमी दिसते. म्हणून बँकेत जमा होणारा आकडा न बघता मूळ पेन्शन किती, आणि विकून आलेली रक्कम कुठे गेली, हे विचारावे.

परस्पर संमतीच्या कागदात ‘यापुढे कसलाही हक्क नाही’ असे वाक्य बहुधा असते. एकदा सही झाली की पुढे भांडणे जड जाते. त्याआधी वकिलाला दाखवा. वकिलाच्या फीची धास्ती नको: १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा.

घर मोडताना पैशाचे बोलायला जीभ रेटत नाही, हे खरे. पण म्हातारपणी औषधाला पैसे हवेतच. आणि ते आपण कष्टानेच मिळवलेले आहेत, भीक म्हणून नव्हे.