पाहुणा आणि पाणी

परंड्याचा भुईकोट पर्यटनाच्या नकाशावर ठळक व्हावा, ही मागणी रास्तच आहे. काही काळ निजामशाहीची राजधानी असलेल्या या गावातूनच १६३२ मध्ये मुलुखमैदान तोफ विजापुरास गेली. प्रश्न एवढाच, की पाहुणा आल्याने गावाच्या पदरात काय पडणार?

२०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ज्या मुलखात घागरीसाठी रांग लागते, तेथे हॉटेलाच्या टाकीत कोणाच्या वाट्याचे पाणी पडणार, हे आधी ठरले पाहिजे.

या माळरानाचे खरे जाणकार पारधी. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची प्रथा पाडली. १९५२ मध्ये तो कायदा गेला. शिक्का मात्र पुसला गेला नाही. पारध्याच्या पालाचे प्रदर्शन मांडणे ही त्याच अन्यायाची नवी आवृत्ती ठरेल. उलट, पाखरांची आणि गवताची पारख असलेल्या या माणसास वाटाड्या म्हणून रीतसर मेहनताना मिळाला, तर पोट भरेल आणि प्रतिष्ठाही लाभेल.

पावसाचे पाणी वाहून जाऊ नये म्हणून शेतकरी बांध घालतो. पर्यटनाचा पैसाही असाच गावच्या शिवारात मुरला पाहिजे.