दूध गोठण्यामागचे जनुक

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावात सकाळी डेअरीवर दूध येते. तेथे फॅट आणि एसएनएफ पाहून भाव ठरतो. समजा, दोन गायींच्या दुधाचे हे आकडे अगदी सारखे आले. तरीही चीज करण्यासाठी रेनेट घातल्यावर एक दूध लवकर आणि घट्ट गोठेल, तर दुसरे सैलच राहील, असे होऊ शकते. अशा वेळी शेतकऱ्यावर भेसळीचा संशय घेण्याआधी गायीची जनुकेही विचारात घ्यायला हवीत.

दुधात केसीन प्रथिनांचे सूक्ष्म कण तरंगत असतात. कणांवर कॅपा-केसीनचे ऋणभारित, केसाळ आवरण असते, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेटमधील विकर 169 अमिनो आम्लांची कॅपा-केसीनची साखळी 105 व 106 या जागांच्या मध्ये तोडते. आवरण गळून पडते आणि कॅल्शियमच्या साहाय्याने कणांचे जाळे बनते.

कॅपा-केसीनचे जनुक गायीच्या 6 क्रमांकाच्या गुणसूत्रावर असते. त्याच्या 'ए' आणि 'बी' या रूपांत फरक केवळ दोन अमिनो आम्लांचा, 136 व 148 या जागांवरचा. 'बी' असलेल्या गायीच्या दुधात सहसा कॅपा-केसीन अधिक व कण लहान असतात, म्हणून ते चांगले गोठते. जर्सीत 'बी' बरेच आढळते, होल्स्टीनमध्ये कमी. अर्थात कासदाह, वेताचा काळ आणि कॅल्शियमचे प्रमाण यांचाही परिणाम होतोच.

येथे दोन गल्लती टाळू या. विरजणाने दही लागते ते जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लामुळे. त्यात साखळी तोडली जात नाही, म्हणून दही छान लागले यावरून रेनेटची परीक्षा होत नाही. दुसरे, जाहिरातींतील 'ए-2 दूध' हा बीटा-केसीन या वेगळ्या प्रथिनाचा प्रकार आहे.

वळू दूध देत नाही, पण कालवडीला जनुकाची एक प्रत त्याच्याकडूनच मिळते. वर्गात मेंडेलचा चौकोन वाटाण्याऐवजी यावर मांडून पाहा. गाय व वळू दोघेही 'ए-बी' असतील तर सरासरी चारांतील एक वासरू 'बी-बी', दोन 'ए-बी' आणि एक 'ए-ए' होईल. वळूचे हे रूप रक्ताच्या किंवा केसाच्या मुळाच्या डीएनए चाचणीने आधीच कळते. रेतमात्रा निवडताना केवळ लिटर पाहिले, तर हा गुण नकळत हातचा जाऊ शकतो.