यानाची उजवी बाजू

दसऱ्याच्या आसपास बारामती–इंदापूर रस्त्याने गेलात, तर एक फलक हमखास दिसतो : बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ. मंडप, फेटे, पूजा, मान्यवरांची भाषणं, आणि मग साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो. गळीत हंगाम जवळ आल्याची ती खूण. याच रस्त्यावर भवानीनगर आणि लासुर्णे मागे पडलं की जंक्शन नावाचं गाव येतं आणि तिथून वालचंदनगरचा फाटा फुटतो.

मला लिहायचंय ते दूरचित्रवाणीवरच्या एका काल्पनिक अंतराळयानावर. त्याची सुरुवात बॉयलरने कशाला, असं वाचक विचारतील. कारण एवढंच, की पडद्यावरचं ते यान सुताराच्या हातून घडलं आणि आपल्याकडचं खरं यान बॉयलरच्या कुळातलं आहे. ही दोन घराणी शेजारी ठेवल्याशिवाय दोन्हींतलं एकही नीट कळत नाही, असं माझं मत आहे.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची. संवाद इंग्रजी. शेजारच्यांच्या ओसरीवर जमलेल्या आम्हा दहा-बारा पोरांपैकी एकालाही ते धड कळत नसे. टोकदार कानांचा तो माणूस चांगला की वाईट, यावर मधल्या सुट्टीत भांडणं होत. यानाबद्दल मात्र कुणाला काही विचारावं लागलं नाही. पुढे मोठी थाळी, तिच्याखाली मानेसारखा खांब, खांबाला जोडलेलं लांबट पोट आणि मागे वर उचललेल्या दोन नळ्या. सोमवारी सगळ्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तेच चित्र. हे लांबच्या प्रवासाचं वाहन आहे, इथे माणसं राहतात आणि तिथे इंजिनं आहेत, एवढं भाषेवाचून समजत होतं. अशी वस्तू सहज सुचत नाही.

ती घडवली मॅट जेफ्रीज या कलादिग्दर्शकाने. हा नुसता चित्रकार नव्हता. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बर विमानांतून उडाला होता आणि पुढेही जुनी विमानं बाळगून स्वतः चालवत असे. १९६४ मध्ये मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने त्याला काय हवं ते सांगण्याऐवजी काय नको ते सांगितलं : मागे आग नको, धूर नको, पंख नकोत, अग्निबाणाचा आकार नको. तरी ताकद दिसली पाहिजे. जेफ्रीजने आधीच्या विज्ञानपटांतली आणि चित्रकथांतली यानं गोळा केली, भिंतीवर टाचली आणि ठरवलं, की यातलं काहीही करायचं नाही. नकारांची यादी समोर ठेवून काम करायची ही पद्धत मला फार आवडते. आपल्याकडे लग्नाचं स्थळही असंच ठरतं.

आकारामागचं तर्कशास्त्र कारखान्यात वावरलेल्या माणसाचं आहे. प्रकाशापेक्षा वेगाने नेणारी इंजिनं म्हणजे महाभयंकर ऊर्जा. मग ती माणसांपासून लांब असावीत. गुऱ्हाळावर चुलवाण राहत्या खोपीला चिकटून कुणी बांधत नाही, त्यातलाच प्रकार. म्हणून त्या दोन नळ्या खांबांवर दूर नेल्या. यानाची कातडी गुळगुळीत ठेवली, कारण बाहेर यंत्रं लटकवली तर ती बिघडल्यावर दुरुस्तीला पोकळीत जावं लागणार. जे दुरुस्त करायचं ते आत. पुढे मालिकेत कर्मचारी ज्या अरुंद नळ्यांतून सरपटत दुरुस्त्या करतात, त्यांना ‘जेफ्रीज ट्यूब’ हेच नाव पडलं. एखाद्या फिटरचं नाव कायमचं मशीनला चिकटावं तसं.

यानाचं नाव एंटरप्राइज, क्रमांक एनसीसी-१७०१. अमेरिकेत नागरी विमानांच्या अंगावर पूर्वी ‘एनसी’ ही अक्षरं असत. बारामतीच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या प्रशिक्षण विमानांवर ‘व्हीटी’ असतं तशी. जेफ्रीजने ती उचलली आणि एक ‘सी’ वाढवला. आकडे निवडताना ३, ६, ८, ९ टाळले, कारण लांबून ते एकमेकांसारखे दिसतात. एसटीच्या पाटीवरचा अंधूक आकडा वाचून भलत्याच गाडीत बसलेल्या कुणालाही हा शहाणपणा पटेल.

रॉडनबेरीला दाखवायला जेफ्रीजने हलक्या बाल्सा लाकडाचा एक छोटा नमुना केला होता, वर दोरी लावून. नळ्यांसाठी वापरलेल्या काठ्या जड, थाळी हलकी. साहेबांनी दोरी धरून उचलताच यान उलटं झालं, आणि त्यांना ते उलटंच आवडलं! त्यांचं मन वळवताना नाकी नऊ आले, असं जेफ्रीज पुढे सांगत असे. मग रिचर्ड डेटिन या नमुनाकाराच्या हातून आधी तेहतीस इंची आणि नंतर अकरा फूट दोन इंचांचा मोठा नमुना तयार झाला, मुख्यतः लाकडाचा. मालिकेच्या जगात यान २८९ मीटर लांब आणि आत ४३० माणसं. प्रत्यक्षात एका खोलीत मावणारं सुतारकाम.

मला सगळ्यात मोह पडला तो पुढच्या तपशिलाचा. नमुन्यात दिवे बसवले, त्यांच्या तारा डाव्या बाजूने आत नेल्या. त्यामुळे मालिकेत चित्रण व्हायचं ते उजव्या बाजूचं. डावी बाजू पूर्ण रंगवलीच नाही. यान उलट दिशेने जाताना दाखवायचं झालं, तर उजव्या बाजूवर उलटी अक्षरं चिकटवायची आणि फिल्म पलटवायची. गणपतीच्या मखरामागे जाऊन पाहिलेल्या पोराला यात धक्का बसायचं काही नाही. पुढून सोनेरी महाल, मागून पुठ्ठा, सुतळी आणि वायरिंग.

पैशाची तंगी आणखी एका ठिकाणी कामाला आली. दर आठवड्याला एवढं यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं परवडणारं नव्हतं. म्हणून माणसाला यानातून विरघळवून थेट जमिनीवर प्रकट करणारं यंत्र निघालं. मालिकेतली ही गाजलेली कल्पना मुळात खर्चकपात आहे.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत पहिला भाग दाखवला गेला. त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, हा निव्वळ योगायोग. मात्र त्या परिषदेच्या कथास्पर्धेसाठीच १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेऊन ‘कृष्णविवर’ पाठवली, आणि मराठी विज्ञानकथेला वजन आलं. मराठीत यानं उडाली ती अशी कागदावर आणि दिवाळी अंकांत. कथेतल्या यानाला सुतार लागत नाही, तारा लपवाव्या लागत नाहीत. दूरचित्रवाणीवर मराठी यान उडालं नाही याचं मुख्य कारण हेच असावं. हिंदीत ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली, आणि १९९८ मध्ये केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ : मिलिंद सोमण नायक, गुरूच्या उपग्रहावरच्या तुरुंगातून पळालेले बारा गुन्हेगार. तिथली यानं संगणकावर काढलेली. प्रयत्न कौतुकाचा, पण त्या यानांचा आकार आज कुणाला वहीत काढता येईल असं वाटत नाही. मला तरी येत नाही.

आता जंक्शनच्या फाट्याने आत वळू.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी तीसच्या दशकात कळंबच्या परिसरात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याच्या भरवशावर, ऊस आणि साखर कारखाना उभा केला. या गृहस्थांना वाहनांचं वेडच होतं. १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून इंग्लंडला धाडलं, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला (आजची एचएएल ती), विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर मोटारी. जहाज, विमान, मोटार झालं. राहिलं होतं ते अग्निबाणाचं. वालचंद १९५३ मध्ये गेले आणि १९७३ पासून त्यांच्या नावाच्या गावातली वालचंदनगर इंडस्ट्रीज इस्रोसाठी काम करू लागली.

साखरेची यंत्रं बनवणाऱ्या या कंपनीकडे अग्निबाण कसा आला? घन इंधनाच्या अग्निबाणाची मोटर म्हणजे काय, तर एक लांब नळकांडं. आत रबरासारखं घट्ट इंधन, पेटलं की प्रचंड दाबाचा वायू, आणि बाहेर पडायला एकच तोंड. दाब सोसणारं पात्र! बॉयलरही तेच. पत्रा वळवून गोल करायचा, सांधे वेल्ड करायचे, सांध्यांचे एक्स-रे काढायचे, दाब देऊन तपासायचं. या भागातल्या वेल्डरला हे परकं नव्हतं.

माझे एक मामा बॉयलरवर फिटर होते. परीक्षा कशी घेतात हे त्यांनी एकदा सांगितलं होतं. पात्रात काठोकाठ पाणी भरायचं, हवेचा बुडबुडासुद्धा ठेवायचा नाही, मग पंपाने दाब चढवायचा. पाणीच का? कारण पाणी दाबलं जात नाही. सांधा उसवला तर पिचकारी उडते आणि काटा खाली येतो. तोच दाब हवेचा असता तर पात्राचा बॉम्ब झाला असता. गेजचा काटा ठरल्या आकड्यावर नेऊन थांबायचं. त्या वेळात सगळे गप्प असतात, असं मामा म्हणायचे. माणूस सांध्यासांध्यावर नजर फिरवत घामाएवढी ओल शोधत असतो. काटा जागचा हलला नाही, की पास.

फरक आहे तो पोलादाचा आणि चुकीला असलेल्या जागेचा. अग्निबाणाला वजन चालत नाही, म्हणून पत्र्याची जाडी मिलिमीटरांत मोजायची. त्यासाठी मॅरेजिंग पोलाद वापरतात : कार्बन जवळजवळ नाही, निकेल सुमारे १८ टक्के, शिवाय कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम. वेल्ड करताना ते मऊपणे वागतं. नंतर साधारण ४८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत काही तास ठेवलं की आतल्या आत मुरतं आणि कठीण होतं. लोणचं मुरतं तसंच. पण बरणी उघडून पाहायची सोय नाही.

१४ जुलै २०२३ रोजी दुपारी श्रीहरिकोट्याहून चंद्रयान-३ निघालं ते एलव्हीएम-३ या अग्निबाणावर. त्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या एस-२०० बूस्टरचे, ३.२ मीटर व्यासाचे, वरचा, मधला आणि नोझलकडचा असे भाग आपल्या कारखान्यात तयार होऊन दाबाच्या परीक्षेतून गेले, असं वालचंदनगरच्या कंपनीने जाहीर केलं. प्रत्येक बूस्टरमध्ये दोनशे टनांहून जास्त इंधन; ते भरायचं काम श्रीहरिकोट्याचं. इथे एक नाजूक गोष्ट आहे. दोन्ही बूस्टर सारख्याच जोराने जळले पाहिजेत. जोडीतला एक बैल ओढाळ निघाला की गाडी बांधाला घासते. त्यासाठी नोझल काही अंशांत हलतं ठेवलेलं असतं, कासरा हातात असल्यासारखं. एंटरप्राइजच्या नळ्या मात्र पोटाच्या बऱ्याच वर; त्या खरोखर ढकलत असत्या तर यान कोलांट्या खात गेलं असतं. जेफ्रीजच्या बाजूने सांगायचं तर त्याची इंजिनं ढकलतच नाहीत, अवकाशच वाकवतात. पळवाट आहे, पण सुरेख.

आणखी एक फरक जमिनीचा. एंटरप्राइजमध्ये माणसं जहाजात उभी राहावीत तशी उभी असतात, तोंड पुढे आणि पाय पोटाकडे. खऱ्या अग्निबाणात ‘खाली’ म्हणजे इंजिनाची दिशा. एसटी झटक्याने सुटली की आपण मागे रेलतो; तोच रेटा इतका वाढवा, की पाठीमागची बाजू जमीन वाटू लागेल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘द एक्सपान्स’ मालिकेत ही गोष्ट प्रामाणिकपणे पाळली आहे. तिथलं ‘रोसिनांते’ यान आतून उभ्या इमारतीसारखं, मजल्यावर मजला, तळाला इंजिन. दूरचित्रवाणीच्या यानांत मला हेच सर्वांत खरं वाटतं. तरी वहीत काढायला सांगितलं तर हात एंटरप्राइजकडेच जातो, हेही कबूल केलं पाहिजे.

अकरा फुटी लाकडी एंटरप्राइज १९७४ मध्ये अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेलं. २०१६ मध्ये डागडुजी होऊन ते वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात खऱ्या विमानांच्या आणि यानांच्या दालनात काचेच्या पेटीत विराजमान झालं. छोटा तेहतीस इंची नमुना मध्यंतरी बेपत्ता होता. तो २०२३ मध्ये सापडला आणि पुढच्या वर्षी रॉडनबेरीच्या मुलाकडे परत आला.

चंद्रयान-३ च्या उड्डाणाचं चित्रण पुन्हा पाहणार असाल तर एक लक्षात ठेवा. एलव्हीएम-३ चं मधलं इंजिन जमिनीवर पेटतच नाही. सुरुवातीचा दीड मिनिटाहून जास्त वेळ जी आग दिसते, ती सगळी त्या दोन बाजूच्या बूस्टरची. साधारण दोन मिनिटांत त्यांचं काम संपतं. मग ते सुटतात आणि बंगालच्या उपसागरात पडतात.